मिशीवर मास्क बसत नाही

धायरी, २ एप्रिल २०२१

इंद्रजीत,

वर मायना घातलेला नाही. 'चिरंजीव' लिहिलं तर तुला वाटेल म्हातारा नरमला, आणि मी काही नरमलेलो नाही. कामासाठी लिहितोय. माझा फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी दुसऱ्या वाक्याला आपण भांडतो. कागदावर मला मध्येच कोणी तोडत नाही, म्हणून कागद घेतला.

काम असं आहे. मला एन-९५ मास्क पाहिजेत, लहान मापाचे. बायकांच्या चेहऱ्याचे म्हण. इथे फाट्यावरच्या मेडिकलमध्ये मिळतात ते सगळे एकाच मापाचे, आणि त्यातले निम्मे नकली. नाकावरची पट्टी दाबली की दाबलेली राहत नाही, इलॅस्टिक दोनदा ओढलं की ढिलं पडतं. कानाला अडकवायचे नकोत, डोक्यामागून दोन पट्टे जाणारे पाहिजेत. समोर प्लॅस्टिकची झडप असलेलेही नकोत, त्यातून आपला श्वास न गाळताच बाहेर पडतो. तुमच्या खराडीत सगळं ऑनलाइन येतं म्हणे. मला ते जमत नाही, आणि खोटा माल आला तर भांडायला समोर माणूसही नसतो.

मास्क दुकानासाठी पाहिजेत. गिऱ्हाइकं मागतात. नळाचं सामान विकणारा मास्क कधीपासून विकायला लागला असं विचारू नकोस.

तीन दिवाळ्या झाल्या, तू या घरी आला नाहीस. तेव्हा ऑफिसातल्या कसल्याशा नाटकासाठी मिशी सफाचट करून तू दारात उभा राहिलास, आणि ओसरीवर सगळी भावकी फराळाला बसलेली. बाप जिवंत असताना पोरानं मिशी काढली तर आपल्यात काय समजतात, हे तुला माहीत नव्हतं असं मी मानत नाही. "मी मेलो का?" असं मी चारचौघांत विचारलं. तू म्हणालास, "अप्पा, केस आहेत, परत येतील." मी म्हणालो, "मग परत आल्यावर ये." मिशी महिन्याभरात आली असेल. तू आला नाहीस.

तुझी आई बरी आहे. दर रविवारी तू तिच्याशी बोलतोसच. आवाज बारीक वाटला तर तिचा फोन जुना झालाय.

मास्क लवकर पाठव.

सर्जेराव


धायरी, ९ एप्रिल २०२१

इंद्रजीत,

पार्सल मिळालं. आत चिठ्ठी नाही. मी आतला कागद उलटासुलटा करून बघितला, नुसतं बिल होतं.

मास्क मोठ्या मापाचे आहेत. म्हणजे तुला वाटलं, अप्पा दुकानाचं नाव पुढे करून स्वतःसाठीच मागतायत, आणि माझ्या मिशा धरून तू माप काढलंस. पण मी लहान मागितले होते.

आता खरं लिहितो, दुसरा इलाज उरला नाही. मास्क तुझ्या आईसाठी पाहिजेत. जानेवारीत तिला गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ काढली, आता केमो चालू आहे. तुला कळवायचं नाही अशी तिनं मला शपथ घातली होती. का, ते तिच्याच शब्दांत लिहितो: "तो येईल, आणि तुम्ही दोघं माझ्या उशाशी बसून भांडाल. मला तेवढी ताकद नाही." मी गप्प बसलो. आता शपथ मोडतोय, ती मोडल्याचं तिला कळू देऊ नकोस.

गेल्या रविवारी तिनं तुझा फोन घेतला नाही, कारण औषधानं तिचं तोंड आलंय. जीभ सोलल्यासारखी झालीय. पाण्यानंसुद्धा डोळ्यांत पाणी येतं, मग बोलणार कसं?

दर केमोनंतर तिच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी तळाला जातात. साधी सर्दी झाली तरी अंग तिच्याशी लढू शकत नाही. लस दिली, पण या औषधात ती कितपत लागू पडेल ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. आणि शहरात काय चाललंय ते तू बघतोसच. सिंहगड रस्त्यानं दिवसभर अँब्युलन्स जातात. केमोच्या खोलीत शेजारच्या खुर्चीवर बसणारी एक बाई होती, तुझ्या आईला पापडाच्या पिठाचं प्रमाण सांगायची. तिचा नवरा तिला घेऊन यायचा. त्याच्याकडून तिला कोरोना झाला आणि चार दिवसांत बाई गेली. तुझ्या आईनं ती खुर्ची बघितली आणि भिंतीकडे तोंड केलं.

म्हणून मास्क. तिचे गाल बसलेत रे. नेहमीचा मास्क लावला की हनुवटीखाली माझी दोन बोटं आत जातात. मी कडेनं टेफ्लॉन टेप लावून पाहिली. हसू नकोस. टेफ्लॉन कातडीला चिकटत नाही हे मलाच माहीत नसेल तर कुणाला, पण घाबरलेला माणूस हाताशी असेल ते उचलतो. मग कागदी चिकटपट्टी लावली, ती काढताना गालाची साल निघाली. मी दुकानात जाऊन बसलो.

डॉक्टरीणबाई तुझ्याच वयाच्या आहेत. तुझ्या आईचं झाल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. "काका, जोरात श्वास सोडा." सोडला. चष्म्यावर वाफ आली. "बघा, सगळी हवा वरून आणि बाजूनं जातेय. तुमचा मास्क अडकवलेला आहे, बसलेला नाही." मी म्हणालो, मोठा आणतो. त्या म्हणाल्या, "मोठ्याचा प्रश्न नाही. बारीक मिशी असती, मास्कच्या आत मावली असती, तर चाललं असतं. तुमची कल्ल्यांपर्यंत गेलीय, मास्कची कड तिच्यावरच येते. मिशीवर मास्क बसत नाही, काका. केसांतून हवा आत येते तशी बाहेरही जाते. तुम्ही यांच्या सगळ्यात जवळ असता."

मी चष्मा पुसला. मग त्यांनी विचारलं, "घरात दुसरं कोणी आहे का, यांच्याबरोबर यायला?"

मी नाही म्हणून सांगितलं.

पुढची केमो सतराला आहे. दुकानं बंद करायला लावलीत, म्हणून मी खाली दुकानातच राहायला आलोय. आई वर एकटी असते. वर गेलो तर मास्क लावून जातो, पेज करून देतो, खाली येतो. खिडक्या सताड उघड्या ठेवतो.

लहान मापाचे पाठव. पत्र मिळाल्याबरोबर पाठव.

सर्जेराव


धायरी, १५ एप्रिल २०२१

इंद्रजीत,

आधीचं पत्र तुला मिळालेलं दिसत नाही. मिळूनही तू गप्प बसला असशील असं मी मानत नाही, एवढा विश्वास अजून आहे. टपाल रखडलंय म्हणतात. वाट बघायला वेळ नव्हता, म्हणून काल मीच शहरात गेलो.

जाण्याआधी तुझ्या आईच्या चेहऱ्याचं दोऱ्यानं माप घेतलं. नाकाच्या हाडापासून हनुवटीखालपर्यंत एक गाठ, एका गालापासून दुसऱ्या गालापर्यंत दुसरी. ती म्हणाली, "अहो, पाइप आहे का मी?" बोलताना तिला त्रास झाला, तरी टोमणा सोडला नाही.

नारायण पेठेत सर्जिकल सामानाचं एक दुकान आहे. बाहेर पाटी: 'मास्क तोंडाला लावून पाहिल्यास तो आपलाच झाला असे समजावे. आमचा नाही.' रांग पार गल्लीच्या तोंडापर्यंत. कुणाला ऑक्सिजनची नळी पाहिजे, कुणाला मीटर, एक बाई नुसतीच रडत उभी होती. माझी पाळी आली तेव्हा मी खिशातून दोरा काढला. मालकानं दोऱ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"शर्ट शिवायचाय का?"

मी म्हणालो, "बायकोला केमो चालू आहे. मास्क इथून इथपर्यंत टेकला पाहिजे."

मग तो आत गेला आणि माळ्यावरून एक खोकं काढून आणलं. लहान मापाचे, डोक्यामागून पट्टे असलेले, झडप नसलेले. मी दोरा लावून बघितला. गाठीला गाठ जुळली. इंद्रजीत, भर दुकानात मला रडू फुटलं. मालक म्हणाला, "आजोबा, पुढे चला, मागे माणसं आहेत." पण पिशवीत दोन जास्त टाकले.

त्याच्याकडे माझ्या मिशीवर बसेल असा काही मास्क आहे का, तेही विचारलं. तो म्हणाला, "मिशीचे मास्क अजून निघाले नाहीत." तरी मी तीन तऱ्हेचे घेतले आणि शेजारच्या पायरीवर बसून एकेक लावून बघितला. एक फुगीर होता, एक चोचीसारखा, एकाला आत फोम होता. लावायचा, श्वास सोडायचा, चष्मा बघायचा. तिन्हींनी वाफ दाखवली. समोरून रांग सरकत होती आणि मी तोंड उघडं टाकून कितीतरी वेळ तिथे बसलो होतो.

घरी येऊन आधी कात्रीनं मिशीची टोकं छाटली. मास्क लावला. वाफ आलीच, आणि खुंट टोचायला लागले ते वेगळंच. आज सकाळी रामदासला बोलावलं. त्याचं सलून बंद आहे, वस्तरा घेऊन दुकानाच्या मागच्या दारानं आला. मिशी काढ म्हटल्यावर त्यानं वस्तरा मिटून खिशात ठेवला. "अप्पा, घरात कुणी गेलेलं नसताना मी मिशीला हात लावणार न्हाई. उद्या काय वंगाळ झालं तर गाव मला धरंल." मी म्हटलं, काही होऊ नये म्हणूनच काढायचीय. तो ऐकेना.

मग मीच काढली. दुकानातल्या आरशासमोर, गिऱ्हाइकांना बेसिनवर लावायला म्हणून विकतो तो. वडील गेले तेव्हा एकदा काढली होती, त्यानंतर आज. खाली जी कातडी निघाली ती पांढरीफटक, दुसऱ्याच कुणाची तरी वाटत होती. मास्क लावला, श्वास सोडला. चष्मा स्वच्छ राहिला.

तुझी आई जिन्याच्या वरच्या पायरीवरून बघत होती. पाटी-पेन्सिल मागवून घेतलीय तिनं, तोंड आल्यापासून त्यावर लिहिते. लिहून दाखवलं: 'बघायला आला तेव्हा असे असता तर मी नाही म्हटलं असतं.' मग हसली, आणि हसल्यानं ओठ फुटून रक्त आलं.

तिचाही मास्क आता बसला. फक्त डोक्यावर केस नसल्यानं पट्टे घसरत होते. तिनं स्वतःच स्कार्फला मागे दोन बटणं शिवली आणि पट्टे त्यात अडकवले. हे मला सुचलं नसतं.

मिशीवरून मी तुला काय बोललो ते मला आठवतं. त्याबद्दल या पत्रात काही लिहिणार नाही.

सर्जेराव


धायरी, १९ एप्रिल २०२१

इंद्रजीत,

काल तू ज्या तोंडानं परत गेलास ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. म्हणून मला काय दिसलं तेवढं सांगतो, पुढे तू आणि तुझं मन.

शनिवारी केमो नीट झाली. आम्ही दोघं रिक्षात शेजारी बसून गेलो, दोघांचे मास्क घट्ट. डॉक्टरीणबाईंनी मला ओळखलंच नाही. मग म्हणाल्या, "काका, बसला की मास्क!" आणि तुझ्या आईला अंगठा दाखवला. कितीतरी दिवसांनी मला पोटभर जेवावंसं वाटलं. संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर एकटाच होतो, म्हणून मास्क काढून पाणी पीत बसलो. समोरून भावकीतला मच्छिंद्र चालला होता. आपला मच्छिंद्र म्हणजे एकदा थांबला की जनावराच्या दाव्यापासून दिल्लीपर्यंत सगळं बोलून मगच हलणार. पण त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं, हात जोडले, मान खाली घातली आणि निघून गेला. मी म्हटलं, याला आज काय झालं?

मला कळायला पाहिजे होतं. गावात मिशी काढलेला माणूस दिसला की लोक तोंडावर विचारत नाहीत. आणि हल्ली मयत कधी उचलतात ते शेजाऱ्यालाही कळत नाही, हॉस्पिटलातूनच परस्पर नेतात. मच्छिंद्रला वाटलं, वहिनी गेली, पोराशी बोलणं नाही, म्हणून सर्जेदादानं स्वतःच आग दिली. त्यानं तुला फोन केला. तू आईला लावलास, तिनं आधीच दोन रविवार उचलला नव्हता, कालही उचलला नाही. मला तर तू फोन लावतच नाहीस.

खराडीपासून इथपर्यंत नाक्यानाक्यावर पोलीस होते. त्यांना तू "माझी आई गेली" असं सांगत आलास, आणि ते तुला सोडत गेले. हे मला मच्छिंद्रनं नंतर सांगितलं.

तू चॅनल गेट हलवायला लागलास तेव्हा मी वर पेज ढवळत होतो. धावत खाली आलो. तुझा मास्क गळ्यात, डोळे सुजलेले. तू ओरडलास, "अप्पा, मला कळवलं पण नाही! शेवटचं तोंडसुद्धा दाखवलं नाही!" मी मास्कच्या आतून ओरडलो, "अरे, ती जिवंत आहे!" तू म्हणालास, "मग मिशी का काढलीत?" आणि गेटवर डोकं आपटायला लागलास. मी कुलूप उघडलं नाही. किल्ली खिशात होती, हात किल्लीवर होता. आदल्याच दिवशी तिला केमो दिलेली, आणि तू सात नाके ओलांडून आलेला, उघड्या तोंडानं. इंद्रजीत, मी त्या घडीला बाप होतो की दरवान, मलाच कळेना.

मग वरची खिडकी वाजली. तू वर बघितलंस, आणि तुझ्या तोंडावर काहीच उमटलं नाही. तुला ती ओळखूच आली नाही. डोक्याला स्कार्फ, तोंडाला मास्क, मध्ये नुसते डोळे. तिला बोलता येत नव्हतं. तिचा हात मास्ककडे गेला, मी खालून ओरडलो, "काढू नकोस!" मग तिनं दोन्ही हात खिडकीबाहेर काढले, तुझ्या दिशेनं हवेतूनच ओवाळले, आणि स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली. शाळेच्या पहिल्या दिवशी, दहावीच्या निकालाला, पहिल्या नोकरीला तुझी दृष्ट काढायची तशी. बोटं कडाकडा मोडल्याचं मला खालीसुद्धा ऐकू आलं.

तू रस्त्यावर मटकन बसलास.

त्यानंतरचं मला लिहिवत नाही, पण लिहितो. तू उठलास, गेटच्या पट्ट्यांमधून हात आत घातलास, माझ्या पायांकडे. मी मागे सरकलो. ते तू बघितलंस. तेव्हा मीही तुझ्याकडे नीट बघितलं. दाढी वाढलेली, आणि मिशी कल्ल्यांपर्यंत नेलेली, हुबेहूब माझ्यासारखी. तू म्हणालास, "मिशी परत आली, अप्पा. तरी गेट उघडत नाही तुम्ही."

आणि गाडीला किक मारलीस.

पाया पडू द्यायचं नव्हतं म्हणून मागे सरकलो नाही. तिच्या अन्नाला ज्या हातानं शिवतो तो हात कुणाला लागू द्यायचा नाही, एवढंच डोक्यात होतं. तुझी आई संध्याकाळभर खिडकीशीच बसून होती. पाटीवर लिहिलं: 'वाळलाय.' माझ्यावर रागावली आहे. पेज घेतली नाही.

अप्पा


धायरी, २२ एप्रिल २०२१

इंद्रजीत,

टपालाची वाट बघायला वेळ नाही, या कागदाचा मच्छिंद्र फोटो काढून तुला पाठवेल. नऊ तारखेचं पत्र सोमवारी मिळाल्याचा तुझा निरोप मच्छिंद्रनं दिला. लहान मास्क निघालेत असंही म्हणाला. बरं झालं.

मला मंगळवारपासून ताप आहे. काल तपासणीचं आलं, कोरोना आहे. कुठे लागला कोण जाणे. नारायण पेठेत, नाहीतर रिक्षात, ते आता उकरून काय करायचं? तुझ्या आईची तपासणी केली, तिचं चांगलं आलं. ते वाचून मी पहिल्यांदा स्वतःच्या तोंडावरून हात फिरवला, जिथे मिशी होती तिथे. रिक्षात तिच्या खांद्याला खांदा लावून बसलो होतो. मास्क बसलेला नसता तर काय झालं असतं ते तूच समज.

आणि तुला शिवू दिलं नाही ते किती बरं झालं. तुझीही तपासणी झाली, काही निघालं नाही, असं मच्छिंद्र म्हणाला. मी देवापुढे कधी फारसा उभा राहत नाही हे तुला माहीत आहे. काल दुकानात पाइपांच्या मध्ये उभा राहिलो.

मी दुकानात आहे, शटर अर्धं वर. बोलायला गेलं की खोकला येतो. ते बोटाला लावायचं यंत्र मच्छिंद्रनं आणून दिलंय. आकडा सकाळी बरा होता, दुपारी उतरला. बेड कुठेच नाही. मच्छिंद्र हॉस्पिटलांना फोन करून करून दमला. माझं राहू दे. माझं होईल ते होईल.

तुझ्या आईला परवा शनिवारी हॉस्पिटलला न्यायचंय. रक्त तपासायचं आणि पेशी वाढवायचं इंजेक्शन. ते चुकलं तर पेशी वर येणार नाहीत, आणि मग तिला काहीही गाठू शकतं. तिला एकटीला जिना उतरवत नाही. मच्छिंद्र नेतो म्हणाला, पण तो मास्क हनुवटीला बांधून फिरतो आणि नाक मोकळं ठेवतो, त्याच्या हाती मी तिला देणार नाही. सूनबाईला, तेजस्विनीला, तुमच्या घरातूनच ऑफिसचं काम चालू आहे, तिला यात ओढू नकोस.

तेव्हा डॉक्टरीणबाईंना जे नाही म्हणून सांगितलं होतं, ते आता बदलायला लागेल. घरात आहे कोणीतरी.

तू ये. पण त्या दाढीवर आणि मिशीवर मास्क बसणार नाही. काढून ये.

अप्पा


२३ एप्रिल, दुपार

चिरंजीव इंद्रजीत,

हाही कागद मी शटरच्या आतून मच्छिंद्रला दाखवतो, तो फोटो काढून तुला पाठवेल. जास्त लिहिता येणार नाही, मध्ये मध्ये थांबून लिहितोय.

तुझा निरोप मिळाला, म्हणतोस: दाढी काढतो, पण मिशी काढणार नाही, अप्पा असे आजारी असताना तर मुळीच नाही, हात धजत नाही. मच्छिंद्रनं वाचून दाखवलं आणि तोही म्हणाला, "खरं हाय पोराचं, दादा. अशा टायमाला मिशी काढणं म्हंजी अभद्र." केस आहेत, परत येतील, असं म्हणणारा तू! तीन दिवाळ्या ज्या गोष्टीसाठी मी तुला दारात उभं केलं नाही, ती आज तू माझ्यासाठी सांभाळतोयस, आणि मला तुझा राग येतोय आणि ऊर भरून येतोय, दोन्ही एकदम.

तू छाटून बारीक करशील, मास्कच्या आत मावेल असं मनात आणशील. डॉक्टरीणबाईसुद्धा चालेल म्हणतील. मीही तेच केलं होतं. मिशी वाचवायला म्हणून नारायण पेठेत पायरीवर बसून तोंड उघडं टाकलं, माझा आजार तिथलाच आहे. काल लिहिलं नाही, आज लिहितो. तू तसा वाचवायला जाऊ नकोस. एकही केस कडेखाली येता कामा नये.

मिशी काढ. बाप जिवंत असताना काढ. बापानं सांगितलं म्हणून काढ. मी गेल्यावर काढायचीच आहे, तेव्हा काढण्याचा कुणाला उपयोग नाही. उद्या सकाळी आहे.

मच्छिंद्रला हडपसरच्या पलीकडे एक बेड मिळालाय. गाडी निघाली म्हणतात. मी गाडीत बसेपर्यंत तू येऊ नकोस. मी गेल्यावर मागचं दार उघडं असेल, जिन्याला धरायला दोरी बांधलीय. आईचे मास्क वरच्या फळीवर कागदी पिशव्यांत आहेत, स्कार्फ खुंटीला. पट्टे बटणात अडकव, मग तिला श्वास सोडायला सांग आणि हनुवटीखाली हात धर. हवा लागली तर पुन्हा लाव. तुझा मास्क तिथेच ठेवलाय, तू पाठवलेल्या मोठ्यांपैकी. तेव्हा माझं माप काढलंस, ते तुझंही निघेल.

गल्लीतून तिला घेऊन जाशील तेव्हा लोक तुझ्या तोंडाकडे बघतील. मास्कच्या कडेला मिशी दिसणार नाही, आणि माझी गाडी तर आजच गेलेली. कुणी हात जोडले, मान खाली घातली, तर थांबून मोठ्यानं सांग की कोणी गेलेलं नाही. आईला ऐकू जाईल असं सांग.

दुकानातला आरसा वापर, तिथे उजेड चांगला येतो. ओठाच्या वर मध्ये खळगा आहे, तिथे ब्लेड हळू चालव. तुला आणि मला तिथेच लागतं.

तुझा
अप्पा